अघनाशिनीच्या पैलतीरी

आपल्या ज्ञातीत लग्नकार्याची निमंत्रणपत्रिका छापावयाची झाली म्हणजे तिच्या शिरोभागी कुलदैवताचे नाव प्रथम येते. ‘श्रीमंगेश प्रसन्न’, ‘श्रीशांतादुर्गा प्रसन्न’, ‘श्रीम्हाळसा प्रसन्न’ ही अक्षरे आपण इतक्या सवयीने छापतो, की त्यांच्यामागे केवढा प्रवास उभा आहे ह्याचे भान राहत नाही. आपणांपैकी पुष्कळ कुटुंबे वर्षा-दोन वर्षांनी मंगेशीला, कवळ्याला, म्हार्दोळला वा रामनाथीला जातात, अभिषेक करतात, प्रसाद घेतात आणि मुलांना सांगतात, “हे आपले मूळ स्थान.” ह्या सांगण्यात भाव खरा असला तरी माहिती अपुरी असते. ती मूळ स्थाने नव्हेत. ती आश्रयस्थाने होत. मूळ स्थाने नदीच्या अलीकडे राहिली, आणि ती सोडावी लागली त्या दिवसांतच आपल्या ज्ञातीचा पुढील साडेचारशे वर्षांचा स्वभाव घडला.

मनुष्याचे सर्व काही जाते, आप्त दुरावतात, ओळखीच्या वाटा बंद होतात, तेव्हा तो देवाकडे वळतो, हे सर्वत्र आढळते. परंतु ज्याच्याकडे वळावयाचे त्या देवालाच घर उरले नाही तर काय करावयाचे? हा प्रश्न आपल्या पूर्वजांपुढे प्रत्यक्ष उभा राहिला होता. त्यांनी त्याचे उत्तर ग्रंथ लिहून दिले नाही, खांद्यावर ओझे घेऊन दिले. ते उत्तर काय होते, एवढेच ह्या लेखात सांगावयाचे आहे.

हरपलेले गाव

१५१० साली आल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवे जिंकले, तेव्हा पोर्तुगीज सत्ता प्रामुख्याने तिसवाडीच्या बेटांपुरती होती. आरंभीची काही वर्षे देवळांना फारसा उपद्रव झाला नाही. पुढे १५४० च्या सुमारास तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली आणि १५४१ साली त्यांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चच्या खर्चाकडे वळविण्यात आले. १५४३ साली साष्टी व बारदेश हे दोन प्रांत पोर्तुगीजांकडे कायमचे गेले. मंगेशाची कुशस्थळी म्हणजे आजची कुठ्ठाळी, शांतादुर्गेची केळशी, म्हाळसेचे वेर्णे, रामनाथाची लोटली आणि दामोदराचे मडगाव ही सर्व गावे त्या काळच्या साष्टी प्रांतात मोडत.

१५६० हे वर्ष विशेष कठीण आले. गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायपीठ त्याच वर्षी स्थापन झाले. ते १७७४ साली बंद झाले, १७७८ साली पुन्हा सुरू झाले आणि १८१२ साली कायमचे उठले. पुढे १५६७ साली साष्टीतील देवळांवर मोठा घाला आला. जेझुइटांच्या लेखनात त्या प्रांतातील पाडलेल्या देवळांची संख्या सुमारे २८० दिली आहे. आकडा थोडा इकडेतिकडे असला तरी अर्थ बदलत नाही. एका प्रांतातील बहुतेक प्रत्येक गाव थोड्याच वर्षांत आपल्या देवाला मुकला.

देऊळ गेले म्हणजे काय काय गेले, ह्याची कल्पना आज शहरात राहणाऱ्यास सहज येणार नाही. गोमंतकातील गावाचा कारभार गावकरीवर चाले. जमीन, खाजणाचे बांध, पाणी, पीक, वाद व तंटे ह्या सर्वांचा निवाडा देवासमोर होई. संकट पडले तर देवाला गाऱ्हाणे घालावयाचे, निर्णय होत नसेल तर पाकळ्या लावून प्रसाद घ्यावयाचा, सुगी झाली की पहिले कणीस देवाला वाहावयाचे. ही गावाची घडीच होती. देऊळ पडताच ती घडी विसकटली. सार्वजनिक धर्मविधींना बंदी झाल्यामुळे लग्नमुंजी करावयास नदीपार परमुलखात जावे लागे. १५५९ च्या राजाज्ञेने मातापिता नसलेली हिंदू मुले धर्मान्तरासाठी पाद्र्यांच्या हवाली करावयाची ठरली. घरातील कर्ता गेला तर त्याच्या शोकाबरोबरच ‘आता मुलांचे काय?’ ही धास्ती घरात शिरे. मृत्यूच्या दुःखाला अशी दुसरी धार येणे ह्याहून मोठा एकाकीपणा कोणता असावा?

पुढे काय झाले ते सर्वश्रुत आहे. काहींनी नवा धर्म स्वीकारला व वतन राखले. काहींनी वतन सोडले व धर्म राखला. कित्येक घरांत एक भाऊ राहिला आणि एक गेला. जो गेला त्याला जमीन मिळणार नव्हती, आणि जो राहिला त्याच्या पंगतीला जुने सोयरे बसणार नव्हते. दोघेही आपापल्या परीने एकटे पडले. आपण बहुधा गेलेल्याचीच कथा सांगतो. राहिलेल्याचीही पुढे सांगावयाची आहे.

पैलतीरावर

कुशस्थळी आणि केळशी ही गावे अघनाशिनीच्या, म्हणजे जुवारी नदीच्या, दक्षिण तीरावर आहेत. पलीकडे अंत्रुज महाल, म्हणजे आजचा फोंडा तालुका. तो प्रदेश तेव्हा आदिलशाहीत होता. ज्यांच्या घरातील देव्हारे संकटात होते त्यांना आश्रय मिळाला तो एका मुसलमान सुलतानाच्या मुलखात, ही गोष्ट आपण विसरू नये.

१५६० साली मंगेशाचे लिंग कुशस्थळीहून नदीपार नेऊन प्रियोळ गावी ठेवण्यात आले. शांतादुर्गा त्याच दशकात केळशीहून कवळ्याला आली. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, लोटलीचा रामनाथ बांदिवड्याला आणि रायची कामाक्षी शिरोड्याला आली. मडगावचा दामोदर जांबावलीला गेला. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला गेली. चोडण बेटावरील देवकीकृष्ण आधी मये व मग माशेल येथे स्थिरावला. दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वर डिचोली महालात नार्वे येथे गेला. एका पिढीच्या काळात एवढी दैवते आपापले गाव सोडून निघाली.

ज्यांनी ही दैवते उचलली त्यांची नावे बहुतेक ठिकाणी उपलब्ध नाहीत. त्यांनी काय नेले आणि काय मागे ठेवले ह्याचा विचार मात्र करता येतो. देऊळ नेता येत नव्हते. तळी, शेत, माड, पूर्वजांची राख मिळालेले पाणी, ह्यांतील काहीच नेता येत नव्हते. नेता येण्याजोगे होते ते एक लिंग, एक मूर्ती, फार तर पूजेची काही उपकरणी. होडीत जागा थोडी, वेळ त्याहून थोडा. अशा वेळी मनुष्य काय उचलतो त्यावरून त्याच्या दृष्टीने न सोडता येण्याजोगे काय होते ते कळते.

पैलतीरावर पोहोचल्यावर त्यांना भव्य मंदिर मिळाले नाही. आज आपण जी घुमटीची शिखरे, दीपमाळा व फरसबंद प्रांगणे पाहतो ती फार पुढची. कवळ्याचे आजचे देऊळ शाहू छत्रपतींचे मंत्री नारो राम ह्यांच्या पुढाकाराने १७३८ च्या सुमारास पुरे झाले. १७३९ साली रामचंद्र मल्हार सुखठणकर ह्यांच्या सूचनेवरून पेशव्यांनी मंगेशी गाव देवस्थानास दिला. म्हणजे देव नदीपार आल्यापासून हे वैभव दिसेपर्यंत पावणेदोनशे वर्षे लोटली. होडीतून देवाला उतरवून घेणाऱ्या हातांनी ही शिखरे पाहिली नाहीत. त्यांच्या मुलांनी पाहिली नाहीत, नातवांनीही नाहीत.

जे आणखी दूर गेले त्यांची कथाही हीच. कारवार, होन्नावर, भटकळ, मंगळूर करीत आपले कित्येक ज्ञातिबांधव समुद्रकाठाने थेट कोचीपर्यंत गेले, आणि कोचीस १५९९ साली त्यांनी तिरुमल देवस्थान उभे केले. भाषा परकी, राजा परका, पाऊस मात्र तोच. तेथेही पाय टेकताच देवासाठी जागा शोधण्यात आली.

देवाचा वनवास

मंगेशमाहात्म्याची कथा आपल्या घरोघरी ठाऊक आहे. तरीही ती ह्या प्रसंगाच्या प्रकाशात पुन्हा वाचावी अशी आमची विनंती आहे.

कैलासावर शंकर-पार्वती सारीपाट खेळत होते. शंकर हरत गेले. सर्वस्व हरल्यावर ते कैलास सोडून एकटेच निघाले आणि फिरत फिरत ह्या कोकणभूमीत येऊन राहिले. पार्वती त्यांना शोधीत रानात आली. थट्टेने म्हणा वा रुसव्याने म्हणा, शंकरांनी वाघाचे रूप घेऊन तिच्यापुढे उडी टाकली. भयाने तिची वाचा अडखळली आणि ‘हे गिरीशा, माझे रक्षण कर’ अशा अर्थाचे तुटक शब्द तिच्या मुखातून बाहेर पडले. ‘माम् गिरीश’ ह्या त्या तुटक उद्गारावरून देवाला मांगीश, म्हणजेच मंगेश, हे नाव पडले, अशी परंपरा आहे.

कथेतील इतिहास किती हे शोधण्याचे हे स्थळ नव्हे. लक्षात घेण्याजोग्या गोष्टी दोन. पहिली अशी, की आपला कुलस्वामी ह्या भूमीत आला तोच मुळी सर्वस्व हरलेला, घर सोडलेला व एकटा असा. दुसरी अशी, की त्याचे नाव हे विजयाचे वा ऐश्वर्याचे नाव नसून एका भ्यालेल्या स्त्रीच्या मुखातील अर्धवट हाक आहे. व्याकरण सांभाळून, नीट जुळवून केलेली ती प्रार्थना नव्हती. तरी ती पोहोचली, आणि देवाने ती आपले नाव म्हणून धारण केली.

१५६० साली नदी ओलांडणाऱ्या माणसांना ही कथा ठाऊक असली पाहिजे. देव हरला होता, तोही घर सोडून आला होता, हे जाणणाऱ्या माणसाला त्याची पिंडी होडीत ठेवताना देवाची लाज वाटली नसेल वा देवावर रागही आला नसेल. येथे एक कठीण प्रश्न प्रामाणिकपणे विचारावयास हवा. देव सामर्थ्यवान होता तर त्याने आपले देऊळ का राखले नाही? आमच्या अल्पमतीप्रमाणे पूर्वजांनी हा प्रश्न टाळला नाही. त्यांनी त्याचे जे उत्तर आचरणाने दिले ते असे: संकट येऊच न देणारा देव आम्हांला मिळाला नाही, संकटात आमच्याबरोबर चालणारा देव मिळाला. ज्या रात्री आम्ही निर्वासित झालो त्या रात्री तोही झाला. ज्याने आपले दुःख भोगले आहे त्याच्यापाशीच मनुष्य मोकळेपणाने रडतो. शरण जाण्याचा अर्थ त्यांना येथे सापडला असावा.

आश्रय म्हणजे नित्यक्रम

भक्तीचे मोठमोठे शब्द बाजूस ठेवून, त्या लोकांनी नव्या जागी पहिल्या वर्षांत काय केले असेल ते पाहू. कारण शोकाच्या काळात मनुष्याला तत्त्वज्ञानापेक्षा नित्यक्रम अधिक सावरतो.

सकाळी देवाला स्नान घालावयाचे. सायंकाळी दिवा लावावयाचा. ठरलेल्या वारी पालखी काढावयाची. मंगेशीस आजही दर सोमवारी पालखी निघते. वर्षातून एकदा जत्रा, आणि जत्रेला दूरदूर पांगलेल्या कुळाव्यांनी यावयाचे. ही कामे थोडी व साधी आहेत. परंतु ज्याचे शेत गेले आहे त्याला उद्या सकाळी उठून काय करावयाचे हे ठाऊक नसते. त्याला ह्या नित्यक्रमाने उठविले. ज्याचा भाऊ दुरावला त्याला जत्रेच्या निमित्ताने चुलते, मावसे, भाचरे भेटत राहिली. देवळाला लागून अग्रशाळा उभ्या राहिल्या, आणि लांबून आलेल्या कुटुंबाला तेथे पथारी टाकण्यापुरती हक्काची जागा मिळू लागली. गोमंतकातील देवळाभोवती अग्रशाळा का असतात, ह्याचे उत्तर ह्या पांगापांगीत आहे. ज्यांचे गाव गेले त्यांना वर्षातून काही दिवस तरी गाव परत मिळावा अशी ती योजना होती.

आपली आडनावेही ह्याच स्मृतीची आहेत. वेर्णेकर, लोटलीकर, मडगावकर, चोडणकर, कुंकळ्येकर ही नावे उच्चारताना आपण एकेका गावाचे नाव घेत असतो. त्या गावी ज्यांच्या पंधरा पिढ्यांत कोणी राहिले नाही असे ज्ञातिबांधव मुंबईत, बेळगावात, मंगळुरात, परदेशातही आहेत. घर गेले तरी घराचे नाव राहिले, आणि देवाचे स्थळ बदलले तरी देव राहिला.

पुढील राज्ये बदलत गेली. १६६८ साली शिवछत्रपतींनी नार्वे येथील सप्तकोटेश्वराच्या देवळाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा केली. तेथील शिलालेख ह्याची साक्ष देतो. ह्या मंदिराचे नूतनीकरण होऊन २०२३ साली ते पुन्हा भाविकांसाठी खुले झाले. १६७५ साली फोंड्याचा किल्ला महाराजांनी जिंकला. पुढे तो महाल सौंदेकरांकडे होता आणि १७६३ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात आला. तोवर काळ पालटला होता आणि अंत्रुजातील देवळे शाबूत राहिली. ज्या सत्तेपासून दूर जावे म्हणून नदी ओलांडली तीच सत्ता दोन शतकांनी मागून आली, पण तोपर्यंत पैलतीरावरचा दिवा चांगला पेटला होता.

खांदा कोणाचा?

आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत आपल्या ज्ञातीचे गुणगान व्हावे हे स्वाभाविक आहे. तथापि सत्य सांगण्याचे ठिकाणही हेच. ही दैवते एकट्या आपल्या पूर्वजांनी वाचविली नाहीत. होडी वल्हविणारा हात सारस्वताचा असण्याचा संभव कमीच. रान तोडून वाट काढणारे, दगड वाहणारे, दिवट्या धरणारे, वाद्ये वाजविणारे, फुले आणणारे लोक निरनिराळ्या समाजांचे होते. पैलतीरावरील ज्या गावकऱ्यांनी आपल्या सीमेत परक्या देवाला जागा दिली त्यांचे स्वतःचे देव तेथे आधीपासून होते. बांदिवड्याच्या नागेशाच्या देवळात १४१३ चा शिलालेख आहे. म्हणजे आपण तेथे पाहुणे म्हणून गेलो, मालक म्हणून नव्हे.

मंगेशीच्या मुख्य देवळामागे मूळकेश्वराचे स्थान आहे. लिंगाचा प्रथम शोध लागला तो एका गुराख्याला, आणि त्याचीच ही आठवण, अशी श्रद्धा आहे. कवळ्याच्या परंपरेत असेही सांगतात, की देवी तेथे आली त्या वेळी तेथील दलित बांधवांनी साहाय्य केले, आणि त्याच्या स्मरणार्थ माघ शुद्ध षष्ठीस त्यांना देवीपाशी मान असे. ही परंपरा ऐकताना प्रथम अभिमान वाटतो. मग दुसरा विचार येतो. ज्यांनी आपल्या देवीला बेघर होऊ दिले नाही त्यांना वर्षातून एक दिवस मान, आणि बाकीच्या दिवसांचे काय? आपल्या देशातील बहुतेक देवळांचे उंबरठे त्यांना शतकानुशतके बंद राहिले, हे आपण जाणतो. जो स्वतः निर्वासित होता त्याच्याच वंशजांनी दुसऱ्याला दाराबाहेर उभे करावे, ह्यासारखे विस्मरण नाही. हे ऋण मान्य केल्याविना शरणागतीची भाषा आपल्या तोंडी शोभणार नाही.

जे मागे राहिले

आता राहिलेल्या भावाविषयी. त्याने नवा धर्म स्वीकारला तो भयाने, लोभाने, श्रद्धेने की मुलाबाळांच्या मायेने, ह्याचा न्यायनिवाडा चार शतकांनंतर करण्याचा अधिकार आपणांस नाही. त्याच्या घरातील एकाकीपणाचा मात्र एक पुरावा आहे. १७३६ साली इन्क्विझिशनने एक फर्मान काढून नवख्रिस्ती घरांतील जुन्या चालीरीतींना बंदी केली, आणि तीत अंगणात तुळस लावण्यासही मनाई होती. ज्या गोष्टीला बंदी करावी लागते ती चालू असते. म्हणजे देऊळ पडल्यावर सुमारे पावणेदोनशे वर्षे कोणी तरी, कोठे तरी, अंगणात तुळशीचे रोप जगवीत होते.

जुनी ओढ आजही निरनिराळ्या रूपांनी दिसते. दरवर्षी शिगम्याच्या पंचमीला फातर्प्याची शांतादुर्गा छत्र्यांच्या मिरवणुकीने आपल्या मूळ गावी कुंकळ्ळीला येते. त्याच कुंकळ्ळीत १५८३ साली पाच जेझुइट मारले गेले आणि नंतर तेथील गावकरी प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. एवढे रक्त सांडलेल्या त्या मातीत आज छत्र्यांच्या उत्सवात हिंदू व ख्रिस्ती दोघेही सामील होतात. शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रिस सायबीण ह्या बहिणी होत असे तेथील लोक मानतात. पुस्तकी धर्मशास्त्राला हे नाते सापडणार नाही. दुरावलेल्या भावांना ते सापडले. जुन्या अत्याचारांचा इतिहास लपवू नये, परंतु त्याचा दोष आजच्या शेजाऱ्याच्या माथी मारू नये. तो अत्याचार प्रथम झाला तो त्याच्याच पूर्वजांवर.

आजचा एकटेपणा

आज आपल्यावर कोणी देव सोडून जाण्याची पाळी आणीत नाही. वेर्णे येथे म्हाळसेचे देऊळ मूळ जागीही पुन्हा उभे आहे. तरी नुकसानीचे व एकटेपणाचे ऋतू संपले आहेत काय?

२०२० साली महामारी आली तेव्हा देवळांची दारे बंद झाली. त्याच काळात आमच्या मातुश्री गेल्या. अखेरची काही वर्षे त्या एका खोलीपुरत्या उरल्या होत्या. ऐकू कमी येई, दिसतही थोडे. परंतु वार त्यांना अचूक कळे. सोमवारी दिवेलागणीला त्या उशाशी टेकून बसत आणि म्हणत, “आता पालखी निघाली असेल.” त्या उन्हाळ्यात पालखी निघत नव्हती. आम्ही ते त्यांना सांगितले नाही. एका सोमवारी त्याच आपण होऊन म्हणाल्या, “यंदा माणसे नाहीत ना रे पालखीला? असू दे. देव एकटा राहिलेला आहे पूर्वी. त्याला सवय आहे.” पंधरा दिवसांनी त्या गेल्या. अंत्यविधीला आम्ही चौघे होतो. दहाव्याला तेही जमले नाही. नातलगांनी दूरध्वनीवरून सांत्वन केले, आणि आमचा शोक घराच्या चार भिंतींत राहिला.

त्या दिवसांत आम्ही अघनाशिनी ओलांडणाऱ्यांचा विचार पुष्कळ केला. त्यांच्या हानीशी आमची हानी तोलण्याचा प्रयत्न नाही, ते अनुचित होईल. परंतु मातुश्रींच्या त्या एका वाक्यात आम्हांला आपल्या ज्ञातीचा सारा इतिहास सापडला. देव एकटा राहिलेला आहे, म्हणून एकट्याला तो कळतो. आम्ही सोमवारचा दिवा चालू ठेवला. प्रथम केवळ त्यांची आठवण म्हणून. काही महिन्यांनी लक्षात आले की तो दिवा आम्ही लावीत नसून तोच आम्हांला संध्याकाळी उठवून बसवितो.

म्हणून ह्या स्मरणिकेच्या वाचकांपुढे दोन गोष्टी नम्रपणे ठेवावयाच्या आहेत. ज्यांच्या घरी हे वर्ष दुःखाचे गेले असेल त्यांनी मोठ्या व्रतांच्या मागे न लागता एखादा लहान नेम धरावा आणि तो मोडू देऊ नये. आपल्या पूर्वजांना तारले ते अशा लहान नेमांनी. ज्यांचे वर्ष सुखाचे गेले असेल त्यांनी अग्रशाळा कशासाठी होत्या ते आठवावे. आपल्या ज्ञातीत कोणी वृद्ध शहराच्या एखाद्या बंद दाराआड एकटे आहेत, कोणी विधवा भगिनी मेळाव्याला यावयास संकोचते, कोणाची नोकरी गेल्यामुळे तो दोन वर्षे संमेलनात दिसला नाही, कोणी ज्ञातीबाहेर विवाह केला म्हणून त्याला पत्रिका गेली नाही. ह्यांतील प्रत्येकजण आपापल्या तीरावर उभा आहे. त्याला पलीकडे आणण्यास होडी लागते, आणि होडी नेहमी दुसऱ्याने आणावी लागते.

देवळाच्या शिखराला सोन्याचा कळस चढविण्याचे भाग्य पुढील पिढ्यांना लाभले, परंतु पहिल्या पिढीच्या वाट्याला फक्त एक दिवा विझू न देण्याचे काम आले होते. तेवढे त्यांनी केले. ज्याचे नावच भ्यालेल्या जिवाची हाक आहे त्या श्रीमंगेशाच्या आणि भांडणाऱ्यांमध्ये उभी राहून शांती करणाऱ्या श्रीशांतादुर्गेच्या चरणी हीच प्रार्थना, की आपल्या घराचा दिवा तेवत राहो, आणि त्याच्या उजेडात शेजारच्या अंधाऱ्या दाराची कडीही आपणांस दिसो.

इति शम्.